पंख्याचं बेअरिंग आणि रेवण मिस्त्रीची दाढ

रेवण मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरली, पातं चालू गाडीच्या डायनामोवर टेकवलं आणि डोळे मिटले. घर्र घर्र. पातं उचलून पंख्यामागच्या पाण्याच्या पंपावर टेकवलं. तिथंही घर्र घर्र. मग त्याने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. पातं नुसतंच मडगार्डवर टेकवलं. मडगार्डमध्ये बेअरिंग नसतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिथंही तीच घरघर.

मिस्त्रीने डोळे उघडले. मार्चचं ऊन विजापूर रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडवर चढायला लागलं होतं. पण त्याच्या मानेवरून जो घाम उतरला तो काही उन्हाचा नव्हता.

"काय म्हणते गाडी?" गाडीच्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मिस्त्रीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं, एक बोट वर केलं आणि मुठीवरची पकड न सोडता दातांतूनच म्हटलं, "गाडी बोलंल, बाईसाहेब. तुमी बोलू नका."

हे वाक्य साऱ्या सोलापुरात गाजलेलं होतं. उजनीच्या धरणावर माती वाहणारे ट्रकवाले ते एकमेकांना सांगत. मंद्रूपचे बागाईतदार जीप घेऊन आले की आधी दहा मिनिटं गाडीचं गाऱ्हाणं गात, मिस्त्री बोट वर करी, आणि मग तेही गप्प बसत. लोकांना वाटे, काय ऐट आहे माणसाची! कारागीर असावा तर असा. गाडीपुढे तो मालकाचं ऐकूनच घेत नाही.

खरी गोष्ट अशी की मिस्त्रीला मालकाचं ऐकूच येत नव्हतं.

लहानपणापासून त्याचे कान फुटायचे. कोमट तेल झालं, लसणाची धुरी झाली, सिद्धेश्वराला नवस झाले. चाळिशी उलटली तसे दोन्ही कान हळूहळू मिटत गेले, आणि सहा वर्षांमागे एकदा मागून आलेल्या एसटीचा भोंगा त्याला ऐकू आला नाही तेव्हा त्याला कळून चुकलं. त्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली. पण त्याच आठवड्यात एका फियाटवर वाकला असता दोन्ही हात गुंतले म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला, आणि पातं चुकून इंजिनाला लागलं. सगळं इंजिन त्याच्या डोक्यात बोलायला लागलं. कानांनी कधी ऐकलं नव्हतं इतकं स्वच्छ. कुठला वाल्व टकटकतोय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, सगळं वेगळं वेगळं. मिस्त्री त्या फियाटवर पालथा पडून लहान पोरासारखा रडला होता.

तेव्हापासून तो दातांनी ऐकत होता. स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढायचा, मूठ बाहीला पुसायची आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "गेलं," नाहीतर "काय बी झालं न्हाय, चालू द्या." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती सहा वर्षं झाकलेली होती आणि एका बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

आणि आता ही काळी अँबेसेडर. डॉक्टर विजयमाला हत्तुरे यांच्या वडिलांची गाडी. वडील गेले तेव्हा भावकीला वाटलं होतं, मुलगी गाडी विकेल. ती गाडी शिकली. नव्या पेठेत त्यांचा दातांचा दवाखाना होता, आणि मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी त्या स्वतः गाडी हाकत तिकडे जात आणि देवळाच्या ओसरीत खुर्ची टाकून शेतकऱ्यांचे दात काढत. बाई गाडी चालवते म्हणून आधी लोक वळून बघत. पुढे आपापले दात दुखायला लागल्यावर बघायचे थांबले.

महिन्याभरामागे ही गाडी समोरून घरघर करत आली होती. मिस्त्रीने पातं डायनामोवर टेकवलं, घरघर ऐकली, "गेलं" म्हणून निकाल दिला आणि डायनामोचं बेअरिंग बदललं. तिसरे प्रहरी सवयीप्रमाणे त्याने जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं आणि बोटावर फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. पुन्हा फिरवलं. कुठं खरखर नाही, कुठं अडखळ नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एक चांगलं बेअरिंग उपटून काढलं होतं. त्याने ते पुसून सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि तेव्हापासून सदरा बदलला तरी बेअरिंग खिशातच होतं. जगदेवीलाही, म्हणजे बायकोलाही, त्याने ते दाखवलं नव्हतं.

आता त्याच गाडीची घरघर वाढून परत आली होती. डायनामो आणि पंपाच्या दांड्यावर बसलेला पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा काढला तर दोन्ही थांबतात, मग चोर कोण ते कळत नाही. त्याने गाडी बंद करून पंखा हाताने हलवून पाहिला होता. पंखा अजून डुगडुगत नव्हता. म्हणजे ऐकूनच ओळखायचं, आणि ऐकावं तर सगळीकडे तोच आवाज, मडगार्डात सुद्धा.

"मला उद्या मंद्रूपला जायचंय, मिस्त्री," डॉक्टरीणबाई आता समोर येऊन सावकाश म्हणाल्या. "एकटीच असते मी."

हे त्याला ओठांवरून कळलं. पंख्याचं बेअरिंग गेलं असेल आणि भर रस्त्यात दगा दिला, तर पंखा पुढे सरकून रेडिएटर फाडतो. मंद्रूपच्या वाटेवर, भर उन्हात, एकटी बाई. आणि पंख्याचं नसेल तर? आणखी एक चांगलं बेअरिंग काढायचं? फार सोपं होतं तसं. "तवा डायनामोचं गेलं हुतं, आता पंख्याचं गेलंय," एवढं म्हटलं की झालं. गॅरेजवाले दिवसाला दहा वेळा म्हणतात. मिस्त्रीने ते वाक्य मनात जुळवलं सुद्धा. पण ते तोंडातून बाहेर येईना, म्हणून त्याने पुन्हा मूठ दातांत धरली आणि वाकला.

डॉक्टरीणबाई आता गाडीकडे पाहत नव्हत्या. त्या त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. बारा वर्षं लोकांच्या तोंडात बघणाऱ्या बाईला जे दिसायचं ते दिसलं. त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"मिस्त्री, तोंड उघडा."

"आँ?"

"तोंड. आ करा."

तेवढ्यात जगदेवी डबा घेऊन आली. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकरी फडक्यात बांधलेल्या, वर शेंगाच्या चटणीची वाटी. नवरा भर शेडमध्ये आ करून उभा आहे आणि दाताची डॉक्टरीण त्याच्या तोंडात बोट घालतेय, हे बघून ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी खालचा समोरचा दात बोटाने हलवला. तो पुढेमागे झाला. त्याच्या शेजारचाही झाला. हिरडी दाबली तसा पू आला.

"हे दात किती दिवस हलतायत?"

मिस्त्रीने जगदेवीकडे पाहिलं. जगदेवीने नेहमीच्या सवयीने त्याच्या समोर येऊन, तोंड मोठं उघडून, तेच शब्द पुन्हा उच्चारले. "दात. कवाधरनं. हलत्यात?"

"चार-दोन म्हयनं झालं आसतील."

"ही मूठ तुम्ही याच दातांत धरता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजिन चालू असलं की हे दात लाकडावर थडथड वाजतात. मी आत्ता बघितले."

जगदेवीने तेही पुन्हा सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात काही फरक पडला नाही, पण मिस्त्रीचा चेहरा एकदम उतरला. मडगार्डातली घरघर. डायनामोतली घरघर. त्याने ज्याला बेअरिंग म्हणून ऐकलं होतं तो त्याचाच दात होता. दुनियेत दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीच्या हातून ही चूक झाली नसती. दुसरे मिस्त्री कानांनी ऐकतात.

त्याने खिशात हात घातला आणि ते जुनं बेअरिंग काढून मडगार्डवर ठेवलं.

"हे तुमच्या डायनामोचं. मागल्या म्हयन्यात काडलेलं. फिरवून बगा."

डॉक्टरीणबाईंनी करंगळीत घालून फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. "हे तर चांगलं वाटतंय."

"वाटतंय न्हवं, हायच चांगलं. माजा दात खराब हुता आन् मी बेरिंगला बोल लावला. नाचता येईना, अंगण वाकडं!" बोलता बोलता त्याची मान खाली गेली. "तुमचं नवं बेरिंग फुकट घातलं मी. चूक माजी हाय."

"पण तुम्ही दातांनी कशाला ऐकता, मिस्त्री? कान आहेत की."

मान खाली होती, म्हणून ओठ दिसले नाहीत. मिस्त्री तसाच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. मग जगदेवीनेच डबा खाली ठेवला.

"आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं," ती म्हणाली. "त्यास्नी ऐकू येत न्हाय, डाक्टरीणबाई. सा वर्सं झाली. कुनाला म्हायीत न्हाय. ह्यो धंदा सगळा दातावर चाललाय."

मिस्त्रीने मान वर केली तेव्हा तिच्या तोंडावरचा शेवटचा शब्द त्याला दिसला, आणि बाकीचं त्याला न बघताच कळलं. त्याला राग आला नाही. उलट डोक्यावरचं ओझं दुसऱ्या कुणी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं. मात्र लगेच दुसरी भीती उभी राहिली.

"बाईसाहेब, दात काडावं लागत्याल काय?"

डॉक्टरीणबाई त्याच्या अगदी समोर आल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "खालचे सगळे. वरचेही बहुतेक. पू पोटात जातोय. आज नाही काढले तर वर्षभरात आपोआप पडतील."

"आसं करू नका." मिस्त्रीने हात जोडले. "भाकरी चावंना तरी चालंल, मी आंबील पिऊन ऱ्हाईन. पर दात गेलं की माजी गाडी बोलायची बंद हुती. मग मी हितं काय करू? पंक्चर काडू?"

पू थांबवता येत होता, हलणारा दात पुन्हा रोवता येत नव्हता. विजयमालाबाई गाडीतून आपली बॅग घेऊन आल्या. मिस्त्रीला स्टुलावर उन्हाकडे तोंड करून बसवलं, आणि छोट्या आरशाच्या दांडीने त्याचा एकेक दात ठोकून बघायला लागल्या. ठोकायचं, बोटाने हलवायचं, मान हलवून पुढे जायचं. जसा तो गाडीवर एकेक ठिकाणी पातं टेकवीत जाई, तशाच त्या चालल्या होत्या. खालची ओळ संपली. वरची उजवी संपली. वरच्या डावीकडे अगदी शेवटी, जिथं आरसाही धड पोचत नव्हता, तिथं त्या थांबल्या. पुन्हा ठोकलं. बोटाने जोर लावून पाहिला.

"ही अक्कलदाढ पक्की आहे," त्या म्हणाल्या. "हिला काही झालेलं नाही. स्क्रू ड्रायव्हर घ्या. इथं धरा."

गाडी सुरू झाली. मिस्त्रीने मूठ जबड्याच्या कोपऱ्यात सारली. तोंड वाकडं झालं, एक डोळा आपोआप मिटला, आणि असा तो डायनामोवर वाकला. डायनामो हूं करून एकसुरात चालला होता. बिचारा. त्याने पातं पंपावर टेकवलं.

खर्र, खर्र, खर्र. वाळूत वहाण घासावी तसं.

मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढला, मूठ बाहीला पुसली. "गेलं," तो म्हणाला. आणि जरा थांबून, खात्री करून घेतल्यासारखं पुन्हा एकदा, "पंख्याचं गेलंय."

मग त्याचे हात चालले. हातांना कुणी बहिरं केलेलं नव्हतं. रेडिएटरचं पाणी बादलीत सोडलं, डायनामो ढिला करून पट्टा उतरवला, पंख्याची पाती काढून भिंतीला टेकवली. पंप खोलून फळीवर घेतला, पुलर लावून पंख्याचा हब ओढून काढला, आणि हलक्या हातोडीने ठोकत ठोकत दांड्यासकट जुनं बेअरिंग बाहेर आणलं. नवं बेअरिंग पेटीत होतं. ते बसवलं, पाणी गळू नये म्हणून नवं सील घातलं. डॉक्टरीणबाई सगळा वेळ शेजारी उभ्या राहून बघत होत्या. काढणं आणि बसवणं हा त्यांचाही धंदा होता.

जुनं बेअरिंग धुऊन त्याने त्यांच्या तळहातावर ठेवलं. आता ते फिरवताना अडखळत होतं. दांडा हलवला की खुळखुळत होतं. "ह्ये खरं खराब. बगून घ्या. गिऱ्हाइकाला दावल्याबिगर मी टाकत न्हाय."

"मी पण काढलेला दात पेशंटच्या हातावर ठेवते," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "नाहीतर लोकांना वाटतं, चांगलाच काढला."

मिस्त्रीने हे ओठांवरून वाचलं आणि तोही हसला, खालच्या हलत्या दातांवर हात धरून. मग गाडी चालू करून त्याने पुन्हा दाढेत मूठ धरली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाला, "काय बी झालं न्हाय. चालू द्या."

दुसऱ्या दिवशी गाडी मंद्रूपला जाऊन आली. परतताना बाईंनी शेडसमोर थांबून, खिडकीतून हात बाहेर काढून, सगळं ठीक असल्याची खूण केली. भोंगा वाजवला नाही.

पुढच्या तीन सोमवारांत मिस्त्रीचे दात निघाले. सोमवारी शेड तसंही बंद असे. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पाटीवर खडूने लिहून त्याला दाखवलं: ही दाढही काढली तर कवळी नीट बसेल. ठेवली तर कवळी कायम टोचेल, भाकरी चावता येणार नाही. मिस्त्रीने खडू घेतला. त्याचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्याने खाली एवढंच लिहिलं: दाढ राहू द्या.

त्या सोमवारी दुपारी तो घरी आला तेव्हा तोंडात कापूस होता आणि गाल बसले होते. जगदेवीने कडक भाकरी आमटीत कुस्करून भिजत घातली होती. तो बसला, पण ताटाकडे बघेना. दाढ राहिली होती खरी. पण ती आता एकटी होती, आजूबाजूच्या जखमा ओल्या होत्या, आणि उद्या सकाळी शेडमध्ये पहिली गाडी आली म्हणजे ती ऐकेल की नाही, हे कुणी सांगावं? तीस वर्षं संसार केलेल्या जगदेवीला ते सांगायला लागलंच नाही.

ती उठली आणि कोनाड्यातून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. तिने तो सकाळीच शेडमधून आणून, गरम पाण्याने धुऊन ठेवला होता.

"धरा," तिने त्याच्यासमोर तोंड करून म्हटलं. "बगू चालतीय का दाड."

"हितं गाडी कुटं हाय?" तो कापसातून पुटपुटला.

डाळ भरडायचं जातं कोपऱ्यात होतं. जगदेवी त्याच्यापुढे बसली आणि फिरवायला लागली. त्याने कापूस बाजूला सारला, मूठ हळूच दाढेत धरली, पातं जात्याला टेकवलं. दुखलं. डोळ्यांत पाणी आलं. मग दगडावरून दगड फिरल्याचा भरड, जाड आवाज डोक्यात भरून आला. खुंटा जरासा सैल होता, तोही वेगळा कळला. मिस्त्रीने डोळे मिटले आणि मान डोलावली.

जातं थांबलं. आवाज थांबला. त्याने डोळे उघडले तो जगदेवीने पात्याचं टोक हातात धरलं होतं. तिने ते पदराने पुसलं, आपल्या हनुवटीच्या हाडाला टेकवलं, आणि त्याच्याकडे न बघता, दरवाज्याकडे बघत म्हणाली,

"शेंगाची चटणी संपलीया. उद्या येताना मोंढ्यातनं दाणं आना, आन् न भाजलेलं आना."

सहा वर्षं तिचं बोलणं त्याने तिच्या तोंडावर वाचलं होतं. आता तोंड तिकडे होतं, आणि शब्द न् शब्द त्याच्या डोक्यात पोचला होता. थोडा घोगरा, शेवटच्या शब्दाला वर चढणारा. हाच आवाज होता. त्याने तो कुठं ठेवला होता ते तो विसरला होता. मिस्त्रीला रडू येतंय असं वाटलं, पण तोंडात मूठ होती, आणि ती सोडायची त्याची तयारी नव्हती.

"ऐकू आलं का न्हाय?" अजूनही दरवाज्याकडे बघत तिने विचारलं. "का मी बी गेले?"

मिस्त्री आणखी थोडा वेळ ऐकत राहिला, ती गप्प होती तरी. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढला, मुठीवरचं रक्त बाहीला पुसलं आणि म्हणाला,

"काय बी झालं न्हाय. चालू द्या."